आरे-वारेच्या वळणावरचा फोटो

काशीराम जाधव एस.टी.त ड्रायव्हर होते, आणि त्यांच्या तेजलला गाड्यांचं वेड लागलं ते त्यांच्यामुळंच.

तेजल सातवीत असताना मे महिन्यात देवरूखला आत्याकडं राहायला गेली होती. परतताना ती बापाच्याच एस.टी.त, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती. हातखंब्याच्या तिठ्यावर एका टपरीसमोर लाल फेरारी उभी होती. गोव्याला निघालेला कुणी मुंबईवाला तिच्याकडं पाठ करून चहा पीत होता. काशीरामांनी एस.टी. बाजूला घेतली, मागं वळून पॅसेंजरांना सांगितलं, "इंजिन तापलंय, जरा थांबूया," आणि कंडक्टरनं कपाळाला हात लावला तरी लेकीला घेऊन खाली उतरले.

"हात लावायचा नाय हां. नुसतं बगायचं," ते म्हणाले, आणि स्वतःचेही हात पाठीमागं धरून गाडीभोवती फिरले. मागच्या काचेतून आतलं इंजिन दिसत होतं. "बग, आपलं इंजिन पुढं, हिचं पाठीमागं. ढुंगणाला आग लागल्यासारखी पळत असंल."

तेजल खो खो हसली. पण तिची नजर दारावरच्या उन्हावर खिळली होती. ऊन त्या लाल पत्र्यावर पडत नव्हतं, वाहत होतं. पुढच्या चाकापासून निघून, कमरेत वळसा घेऊन, मागं कुठंतरी जाऊन मिटत होतं. इतकी देखणी वस्तू तिनं तोवर पाहिली नव्हती.

मोठेपणी ती रत्नागिरीतल्या मारुती मंदिराजवळच्या एका फोटो स्टुडिओत लागली. पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, बारशी, शाळेची गॅदरिंगं. काम ती चोख करायची, पण मन त्यात नसायचं. मालकानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना तिला दिला, आणि तेव्हापासून थंडीतले रविवार ठरून गेले. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांचे ताफे त्या दिवसांत गोव्याला निघायचे. लॅम्बोर्गिनी, पोर्शे, मॅक्लारेन, एकामागोमाग एक. कधी ते हायवेनं जायचे, कधी समुद्राकाठच्या रस्त्यानं. बापलेक स्कूटरवरून पहाटेच निघायची आणि एखाद्या वळणावर ठाण मांडून बसायची.

काशीराम तेव्हा रिटायर झाले होते. त्यांचं काम ऐकायचं. ते डोळे मिटून कठड्यावर बसायचे आणि तेजलला काही ऐकू यायच्या आधीच म्हणायचे, "चल गो, ऊठ. आली." मग दूरवरून गुरगुर ऐकू यायची, घाटीत चढायची, आणि तेजल कॅमेरा डोळ्याला लावायची.

तिची एक खास तऱ्हा होती. गाडी समोरून जाताना कॅमेराही तिच्याबरोबर फिरवायचा आणि शटर जरा हळू ठेवायचं. ते नेमकं जमलं की फोटोत गाडी लख्ख यायची आणि मागचं सगळं, झाडं, कठडा, समुद्र, ओढल्यासारखं पुसट व्हायचं. उभा माड पळताना दिसायचा. दहा वेळा फसायचं तेव्हा एकदा साधायचं. साधलं की ती कॅमेऱ्याच्या मागचा पडदा बाबांना दाखवायची. ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि म्हणायचे, "गाडी थांबलीय आणि दुनिया पळतेय. भारी हाय."

इन्स्टाग्रामवर तिचं पान होतं. रत्नागिरीत ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण ताफ्यांतल्या लोकांना होतं. त्यातलाच एक जण पुण्याचा होता. त्याच्याकडं पिवळी गाडी होती. कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल, हे तेजल एका दमात सांगायची. आता तिच्या तोंडून ते नाव निघत नाही, तेव्हा आपणही तिला पिवळीच म्हणू. त्या माणसाला तिचे फोटो मनापासून आवडायचे. तो बारकाईनं विचारायचा, कुठली लेन्स, किती वाजताचं ऊन. तेजललाही बोलायला बाबांवाचून दुसरं कुणी नव्हतं. महिनोन्‌महिने दोघांचं असं लिहिणं चाललं होतं. मग एकदा त्यानं लिहिलं, 'डिसेंबरात आम्ही येतोय. आरे-वारेला माझ्या गाडीचा एक फोटो काढून द्याल? तुमच्या पद्धतीचा. आयुष्यभर भिंतीवर लावीन.'

तिनं ते बाबांना वाचून दाखवलं. काशीरामांना लेकीचा कोण अभिमान वाटला. "भिंतीवर लावणार म्हणतोय, ऐकलंस?" त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून सुंदराबाईंना ओरडून सांगितलं.

"तुमी दोगं त्या रस्त्यावर उभी ऱ्हाता नी माजा जीव हितं टांगलेला असतो," सुंदराबाई आतून म्हणाल्या. "आदी भाकऱ्या खावा."

ठरल्या दिवशी सकाळी आरे-वारेच्या घाटीत ऊन छान पडलं होतं. वरच्या कातळी सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालेलं, खाली समुद्र निळाशार. बाकीचा ताफा गणपतीपुळ्याला नाश्त्याला थांबला होता. पिवळी आणि तिच्यासोबत एक काळी अशा दोनच गाड्या पुढं आल्या होत्या. तो माणूस उतरला, तेजलशी हात मिळवला, काशीरामांना 'नमस्कार काका' म्हणाला. वागायला चांगला होता. काशीरामांनी त्याला टायरबद्दल काहीतरी विचारलं आणि त्यानं खाली बसून नीट समजावून सांगितलं.

मग त्यांनी सगळं ठरवलं. गाडी खालून, किनाऱ्याकडून वर येणार. तेजल मधल्या वळणावर कठड्याशी उभी राहणार. काशीराम तिच्याही वर, पुढच्या वळणावर, म्हणजे पलीकडून कोण येतंय ते त्यांना दिसेल. रस्ता मोकळा असला की ते लाल रुमाल हलवणार. मग तेजल खाली ओढणी हलवणार, आणि गाडी सुटणार.

"आणि मधीच कोण आलं तर?" काशीरामांनी विचारलं.

"मग रुमाल खांद्यावर टाका आणि नुसता हात वर करा," तेजल म्हणाली. "एस.टी.ला करतात तसा."

"तू माज्याकडं बगशील ना पन?"

"बघेन हो बाबा, आणि गाडीला थांबवीन. जा तुम्ही."

दोनदा गाडी वर आली आणि दोन्ही वेळा फोटो फसला. एकदा तेजलचाच हात हलला. दुसऱ्यांदा गाडी हळू आली. गाडी हळू असली की मागचं पुरेसं पुसलं जात नाही. तो काच खाली करून म्हणाला, "आलं का?" तेजल म्हणाली, "सर, अजून थोडी ओढा. वेग कमी पडतोय."

हे वाक्य ती बोलली. पुढं पोलिसांसमोर, वकिलासमोर, आईसमोर, तिनं ते एकदाही लपवलं नाही.

तिसऱ्या वेळी वर लाल रुमाल हलला. तेजलनं ओढणी हलवली, ती कठड्यावर टाकली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. खाली इंजिन गरजलं. असा आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. छातीच्या पिंजऱ्यात घुमला. वळणावर पिवळा रंग उगवला आणि ती त्याच्याबरोबर फिरू लागली. डोळ्यासमोर फक्त गाडी होती, तिच्या पाठीवरचं ऊन होतं. कोपऱ्यात कुठंतरी एक उभी आकृती आहे, तिनं हात वर केलाय, एवढं तिच्या डोळ्यांना दिसलं. दिसलं, पण मनापर्यंत पोचलं नाही. तिनं बटण दाबलं आणि तिला तत्क्षणी कळलं की या वेळी साधलं.

पलीकडून एक स्कूटर येत होती. नवरा-बायको होती म्हणे. काशीरामांनी ती पाहिली, रुमाल खांद्यावर टाकला, हात वर केला. गाडी थांबेना तेव्हा हात तसाच वर ठेवून ते रस्त्यावर आले. पिवळीवाल्याला ते दिसले तेव्हा उशीर झाला होता. त्यानं ब्रेक दाबला, वळणावर जांभ्याची बारीक रेती होती, गाडीचा मागचा भाग फिरला आणि काशीरामांना घेऊन कठड्यावर जाऊन आदळला.

तेजलनं डोळ्यावरून कॅमेरा काढला तोवर सगळं झालेलं होतं. ती धावली. स्कूटरवाली जोडी क्षणभर थांबली, बाईनं किंकाळी फोडली, आणि नवऱ्यानं स्कूटर वळवून आल्या वाटेनं नेली. ती माणसं कोण, कुठली, ते पुढं कधीच कळलं नाही.

पिवळीवाला स्वतःच्या पायांनी बाहेर आला.  "काका हात करत होते ना," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "या म्हणून हात करत होते." काळी चालवणाऱ्या मित्रानं त्याला आपल्या गाडीत बसवलं. मच्छीवाल्याच्या टेम्पोत घालून काशीरामांना रत्नागिरीला आणलं. तेजलच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. शहर अजून लांब होतं, वाटेत बसणीच्या आसपासच त्यांचा श्वास थांबला. तेजल मात्र दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली.

जलदान विधीला गावची मंडळी आली, मुंबईहून नातेवाईक आले, डेपोतले जुने सोबती आले. बुद्धवंदनेआधी चुलत्यानं विचारलं, "दादाचा फोटो कुठाय? हार घालायला हवा." सगळ्यांनी तेजलकडं पाहिलं. घरात फोटोग्राफर होती. फोटोला काय तोटा?

तिनं लॅपटॉप उघडला. वर्षानुवर्षांचे फोटो होते, हजारांनी. एकेक बघत गेली. गाड्या, गाड्या, गाड्या. एका फोटोच्या कडेला बाबांचं कोपर होतं. एका बोनेटवर त्यांची सावली पडली होती. एका काळ्या दारात त्यांचं प्रतिबिंब होतं, पण वाकडंतिकडं, जत्रेतल्या आरशासारखं. समोर बसवून, 'बाबा, इकडं बघा' म्हणून काढलेला एकही फोटो नव्हता. ते नेहमी तिच्या बाजूलाच असायचे, कॅमेऱ्याच्या अलीकडं. शेवटी चुलत्यानं एस.टी.च्या ओळखपत्रावरचा फोटो सोडवून घेतला आणि तेजलच्याच स्टुडिओतून मोठा करून आणला. त्यात काशीराम चाळिशीचे होते, मिशा काळ्याभोर होत्या. धाकट्या पुतण्यानं विचारलं, "हे कोण?"

कॅमेऱ्यातलं कार्ड तिनं बरेच दिवस काढलंच नाही. पुण्याहून मेसेज येत होते. आधी त्याचे, 'मला झोप लागत नाही, मी काय बोलू'. मग त्याच्या मित्राचे, 'तो फोटो आला असेल तर पाठव, केससाठी लागेल'. तिनं कशालाच उत्तर दिलं नाही. पण एका दुपारी, स्टुडिओत कुणी नसताना, तिनं कार्ड काढून संगणकाला लावलं.

फोटो तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता.

पिवळीच्या अंगावरचं ऊन, चाकांचे गरगरते आरे, दारावरची रेघ, सगळं चाकूनं कोरल्यासारखं स्वच्छ. समुद्राची निळी पट्टी, गवताची पिवळी पट्टी. तिला आपल्याच डोळ्यांची किळस आली, कारण त्या डोळ्यांनी आधी तेवढंच पाहिलं. मग तिनं उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं बाबा होते. नुसता आडवा फराटा. खांद्यावरचा लाल रुमाल आणि वर केलेला हात एकमेकांत मिसळून गेले होते. न हलणारा हात हलताना दिसत होता. कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, एक म्हातारा आनंदानं लाल रुमाल हलवून गाडीला बोलावतोय.

ती संध्याकाळी घरी आली आणि तिनं आईला सगळं सांगितलं. रुमालाची खूण, हाताची खूण, 'थोडी ओढा' म्हणाल्याचं, सगळं. सुंदराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे ते थांब म्हनत व्हते."

"हो."

"तुला दिसत व्हते?"

"दिसत होते, आई."

"मंग तू का नाय थांबवलंस?"

  सुंदराबाईंनी सूप उचललं आणि त्या आत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या लेकीशी वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, डब्यात भाजी भरून द्यायच्या. पण त्या प्रश्नानंतर दोघींत जे बोलणं व्हायचं ते मीठ, पाणी, गॅस एवढंच.

दुसऱ्या दिवशी तेजलनं फोटो पोलीस ठाण्यात नेऊन दिला. जे घडलं ते घडलं तसं सांगायचं, मग त्यात आपलं काय व्हायचं ते होवो, असं तिनं ठरवलं होतं. फौजदार सज्जन होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, फोटो मोठा करून पाहिला.

"हे तर रुमाल हलवतायत," ते म्हणाले.

"नाही साहेब. हात स्थिर आहे. कॅमेरा फिरतोय म्हणून तसं दिसतंय. बघा, कठडापण हललेला दिसतोय. कठडा कुठं हलतो?"

त्यांनी पुन्हा पाहिलं. "मला पटतंय तुमचं," ते हळूच म्हणाले. "पण हे कागदावर कसं मांडायचं? आणि तुम्हीच म्हणताय की वेग वाढवायला तुम्ही सांगितलंत."

"हो. सांगितलं."

तिनं सांगितलं तसं त्यांनी लिहून घेतलं. पुढं पिवळीवाल्यावर गुन्हा दाखल झाला, त्याला जामीन मिळाला. परवानगी नसताना रहदारीच्या रस्त्यावर हे सगळं घडवून आणल्याबद्दल तेजलचंही नाव लागलं. आणि तिनं स्वतःच्या हातानं नेऊन दिलेला तो फोटो त्याच्या वकिलाच्या फायलीत सगळ्यात वर जाऊन बसला. मयतानंच वाहनचालकाला पुढं येण्याची खूण केली, असं त्याखाली लिहिलेलं होतं.

काशीरामांनी उभ्या नोकरीत कुणाला धक्का लावला नव्हता. डेपोतल्या लोकांना हे कळलं तेव्हा त्यातले दोघंतिघं घरी आले. बसले, चहा प्यायले. निघताना एक जण दारात थांबून म्हणाला, "वहिनी, काशीराम असा हात करंल का हो?" सुंदराबाई म्हणाल्या, "मी नव्हते तितं."

तेजलनं कॅमेरा मालकाला परत केला. स्टुडिओत आता ती फक्त छपाईचं बघते. बाहेरच्या रस्त्यावरून मोठ्या आवाजाची एखादी गाडी गेली की बाकीची पोरं काचेशी धावतात. ती प्रिंटरचा कागद नीट करत बसते. इन्स्टाग्रामचं पान तिनं पुसून टाकलं. फोटोही पुसायला घेतले होते, पण मग तिला ते कोपर आठवलं, ती सावली, ते दारातलं वाकडं तोंड. नेमकं कशात काय आहे ते शोधत बसण्याचं बळ नव्हतं. तिनं लॅपटॉप मिटला तो मिटलाच.

केस उभी राहायलाच दीड वर्ष गेलं. तारखा पडायच्या. मायलेकी कुवारबावच्या घरून रिक्षानं कोर्टात यायच्या आणि पुढची तारीख घेऊन परत जायच्या. तो माणूस कधी यायचा नाही, त्याच्या वतीनं वकीलच यायचा. सुंदराबाईंनी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

यंदा होळीच्या आगेमागे एक तारीख होती. उकाडा सुरू झाला होता. दोघी वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसल्या होत्या. तेजल खाली मान घालून फरशीकडं बघत होती. समोर कुणीतरी येऊन थांबलं.

"मॅडम, इथं प्यायचं पाणी कुठं मिळेल?"

तेजलनं मान वर केली. तोच होता. वाळला होता, दाढी वाढवली होती, साधा पांढरा शर्ट घातला होता. तो तिच्याकडं थेट बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. महिनोन्‌महिने ती ज्याच्याशी सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हातल्या फरकावर बोलत आली होती, त्यानं तिचा चेहरा त्या एकाच सकाळी पाहिला होता, आणि तोही तो विसरला होता. की विसरायला शिकला होता, कोण जाणे. तेजलला वाटलं, उठावं, नाव सांगावं, बाबांचा हात कसा होता ते विचारावं. तूही पाहिलास ना, खरं सांग. 

"खाली," ती म्हणाली. "जिन्याच्या डाव्या बाजूला नळ आहे."

"थँक्यू हां," म्हणून तो गेला.

"कोन गो तो?" सुंदराबाईंनी विचारलं.

"पाणी विचारत होता."

थोड्या वेळानं शिपायानं येऊन सांगितलं की साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख खाली लागेल. सुंदराबाईंनी पिशवी सावरली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि जिना उतरू लागल्या. तळाशी तो अजून नळापाशीच होता. वाकून ओंजळीनं पाणी पीत होता, तोंडावर मारत होता, पुन्हा पीत होता. सुंदराबाईंनाही तहान लागली होती. त्या त्याच्या मागं, दोन हात अंतरावर, त्याचं होण्याची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यानं वळून पाहिलं, म्हाताऱ्या बाईला बघून घाईघाईनं बाजूला झाला आणि त्यांच्यासाठी नळ तसाच चालू ठेवला.

सुंदराबाईंनी पदर खोचला आणि ओंजळ पुढं केली. तेजल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिथून खाली उतरायला तिचा पाय उचलेना.